मांजराचं इन्सुलिन पेन: ठेवायचं कुठे, हाताळायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गोट्याला (बोका, वय ११, वजन साडेसहा किलो, स्वभाव तिरसट) मधुमेह निघाला, तेव्हा टोचायचं कसं हे डॉक्टरांनी दहा मिनिटांत शिकवलं. पण इन्सुलिनचं पेन (औषध भरलेलं, पेनासारखं दिसणारं टोचायचं साधन) घरी नेऊन ठेवायचं कुठे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आम्ही राहतो नागपूरला आणि महिना होता मे. पुढे काय झालं ते खाली येईलच. तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणाच्याही मांजराला शुगर निघाली की फोन मला येतो, आणि प्रश्न साधारण तेच असतात. डोस किती, वाढवायचा की कमी करायचा, हे मात्र तुमच्या व्हेटनाच, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. इथे बोलणं आहे ते पेनचं.

माणसांचं इन्सुलिन मांजराला चालतं का?

चालतं. मांजरांसाठी सर्रास वापरलं जाणारं ग्लार्जिन हे माणसांसाठीच बनवलेलं इन्सुलिन आहे. लँटस, बासालॉग ही त्याचीच बाजारातली नावं. गंमत म्हणजे मांजराच्या शरीरातलं इन्सुलिन माणसापेक्षा गाईच्या इन्सुलिनला जवळचं आहे, फरक फक्त एका अमिनो आम्लाचा. कुत्र्याचं तर डुकराच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळतं. प्राण्यांसाठी खास बनवलेली इन्सुलिनंही आहेत, पण ती यू-४० ताकदीची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. माणसांच्या पेनमधलं ग्लार्जिन बहुतेक यू-१०० असतं. हा फरक आत्ताच डोक्यात बसवून घ्या, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

नवं, न उघडलेलं पेन कुठे ठेवायचं?

फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांच्या दरम्यान. तसं ठेवलं तर खोक्यावरच्या एक्स्पायरीपर्यंत टिकतं.

पण ‘फ्रिजमध्ये’ एवढ्यावर काम भागत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत एका दाराचा फ्रिज असतो. त्यात वर बर्फाचा कप्पा आणि त्याच्या लगेच खाली चिल ट्रे. त्या ट्रेमध्ये दुधाची पिशवी कडेने गोठते, हे आपण रोज बघतो. तिथे पेन ठेवू नका. मागच्या भिंतीला टेकवूनही नको, तिथे बर्फाचा पापुद्रा धरतो. दारात ठेवलं तर गोठणार नाही, पण दिवसातून चाळीस वेळा दार उघडणाऱ्या घरात ते सारखं गरम-थंड होत राहतं. मधल्या किंवा खालच्या फळीवर, पुढच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. स्टीलचा डबा लवकर गार पडतो, म्हणून मी टाळते. डब्यात एक साधा फ्रिज थर्मामीटर टाकून ठेवा. आमच्या फ्रिजचं बटण उन्हाळ्यात ५ वर असायचं आणि थंडीतही कुणी खाली आणायचं नाही. डिसेंबरात डब्यातला काटा शून्यावर टेकलेला पाहिला तेव्हा कळलं.

चुकून गोठलं तर? वितळल्यावर वापरता येईल?

नाही. टाकून द्या. गोठल्यावर इन्सुलिनच्या रेणूंची घडी मोडते आणि वितळल्यावर ती परत बसत नाही. वरून कधीकधी अगदी पहिल्यासारखं स्वच्छ दिसतं, फसवणूक तिथेच होते. गोठलं होतं की नाही अशी शंका असली तरी हेच उत्तर.

वापरात असलेलं पेन फ्रिजमध्ये की बाहेर?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

ग्लार्जिनच्या पेनसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की वापरायला काढलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर, ३० अंशांच्या आत ठेवावं आणि २८ दिवसांनी टाकावं. हे वाचून मी भक्तिभावाने पेन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. ‘बाहेर’ हा शब्द वाचला आणि ‘३० अंशांच्या आत’ हे शब्द सोडून दिले. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी कुलर बंद असला की आमच्या स्वयंपाकघरात ३९ असायचे, हे नंतर मोजलं तेव्हा कळलं.

मांजरांच्या डॉक्टरांमध्ये ग्लार्जिन उघडल्यावरही फ्रिजमध्येच ठेवायची पद्धत बरीच रुळलेली आहे. आपल्या हवेत मलाही तीच बरी वाटते. तुमच्या व्हेटना एकदा विचारून घ्या आणि मग एकच पद्धत धरा. आज फ्रिजमध्ये, उद्या टेबलावर, परवा परत फ्रिजमध्ये, असं करू नका. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सुई काढून ठेवायची (कारण खाली दिलंय), आणि टोचण्याआधी पेन दोन-तीन मिनिटं तळहातात धरायचं. गार इन्सुलिन किंचित झोंबतं. एक-दोन युनिटला मांजर फारसं मनावर घेत नाही, पण गोट्यासारखं असेल तर घेतं.

पुणे, नाशिक, महाबळेश्वरकडची मंडळी थंडी-पावसाळ्यात बाहेर ठेवू शकतात. फ्रिजच्या डोक्यावर मात्र नको. ती जागा हाताशी असते म्हणून लोक तिथे ठेवतात, आणि नेमकी तीच गरम असते.

२८ दिवस म्हणजे २८च का? अर्ध्याहून जास्त औषध शिल्लक असतं!

हिशोब मांडूनच पाहू. ३ मिलीलीटरच्या पेनमध्ये ३०० युनिट. समजा, मांजराला सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट आहे. पेननेच देत असाल तर दर वेळी हवा काढायला २ युनिट उडवायचे, म्हणजे दिवसाला ६. २८ दिवसांत १६८ गेले, १३२ उरले. सिरिंजने काढत असाल तर २८ दिवसांत जेमतेम ५६ जातात आणि २४४ कचऱ्यात. जीव हळहळतो, खोटं कशाला बोला.

ही २८ दिवसांची मुदत कंपनीने माणसांसाठी घातलेली आहे: खोलीतलं तापमान, रोज नव्या सुईने टोचलं जाणारं रबर आणि आतलं जंतुरोधक, हे सगळं धरून. फ्रिजमध्ये नीट ठेवलेलं ग्लार्जिन मांजरासाठी त्यापुढेही वापरू देणारे व्हेट बरेच आहेत, काही तर अनेक महिने. माझ्या डॉक्टरांनी अट घातली: औषध स्वच्छ दिसतंय, शुगर जागेवर आहे आणि पेन कधीही उन्हात-गरमीत राहिलेलं नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच पुढे वापरायचं. एकही डळमळली की नवं पेन. बाहेर ठेवणाऱ्यांनी मात्र २८ चा आकडा पाळावा. आपल्या हवेत तोही जास्तच वाटतो.

काहीही ठरवा, पण उघडल्याची तारीख पेनवर लिहा. पांढऱ्या डॉक्टरी चिकटपट्टीवर बॉलपेनने. कॅलेंडरवर लिहिली तर महिना उलटला की पान मागे जातं.

लाईट गेली तर किती वेळ चालतं?

चार-सहा तास गेली तर घाबरू नका, दार उघडू नका. बंद फ्रिज तेवढा वेळ गारवा धरून ठेवतो. आणि इन्सुलिन काही आइस्क्रीम नव्हे की वितळलं, संपलं. केनियातल्या एका निर्वासित छावणीत दिवसभर जसं तापमान वर-खाली होतं, तसं प्रयोगशाळेत २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान खेळवून वेगवेगळी इन्सुलिनं तपासली गेली, तेव्हा चार आठवड्यांनीही त्यांची ताकद टिकून होती. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांचं हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा एका रात्रीच्या भारनियमनाने पेन टाकायची गरज नाही. पण ३७ आणि ४५ यांत फरक आहे, आणि बंद खिडकीपाशी ठेवलेल्या वस्तूला सावलीतल्या पाऱ्याचा नियम लागत नाही.

लाईट दिवसभर यायची चिन्हं नसतील तर माठ काढा. खरंच. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. गरम देशांत फ्रिजशिवाय इन्सुलिन ठेवायला अशी मातीची भांडी कितपत उपयोगी पडतात, याचा रीतसर अभ्यास झाला आहे आणि त्यांनी तापमान उतरतं असंच दिसलं आहे. पेन झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा एका कोऱ्या लहान माठात. माठ ओल्या फडक्याने गुंडाळून हवेशीर सावलीत ठेवायचा आणि फडकं सुकू द्यायचं नाही. पिण्याच्या माठात डबा तरंगत ठेवू नका. दर पेल्याला कुणीतरी पळी घालणार आणि डबा उपडा होणार.

ही युक्ती विदर्भ, मराठवाडा, खानदेशात कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात मात्र तिच्यावर विसंबू नका. तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, माठही जेमतेम गार होतो. तिथे थर्मास आणि बर्फाची पिशवी.

खराब झालेलं ओळखायचं कसं?

ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं. गढूळ दिसलं, तंतू, कण तरंगताना दिसले, पिवळट झाक आली, काचेला आतून धुकं धरल्यासारखं वाटलं की संपलं. उजेडासमोर आणि मग काळ्या कापडासमोर धरून बघा, पांढरे कण काळ्यावर लगेच दिसतात.

पण हे झालं दिसणाऱ्या बिघाडाचं. गरमीने ताकद गेलेलं इन्सुलिन शेवटपर्यंत नितळच दिसू शकतं. आमचं तसंच होतं. पहिले दोन आठवडे गोट्याची शुगर छान उतरली, मग हळूहळू चढत ४०० च्या वर गेली. तो परत रांजणाशी बसून पाणी पिऊ लागला, माती-भुश्याच्या ट्रेमध्ये ओलीचे गोळे मोठे होऊ लागले. मी डॉक्टरांना आकडे कळवले, पेन कुठे ठेवलंय ते कळवलं नाही. त्यांनी मिळालेल्या माहितीवर डोस २ वरून ३ केला. ते पेन संपलं, जूनमध्ये पाऊस आला, मी नवं, फ्रिजमधलं ताजं पेन उघडलं आणि तेच ३ युनिट देत राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोट्या कपाटामागे सापडला. मागचे पाय झोकांड्या खात होते, हाक मारली तर नजर ठरत नव्हती. हिरड्यांना मध चोळला, रिक्षात बसेपर्यंत जरा सावरला, रात्र दवाखान्यात काढली.

म्हणून शुगर कारण नसताना चढू लागली की पहिला संशय पेनवर घ्यायचा, मांजरावर नंतर. नवं पेन उघडा, *वाढवण्याआधीच्या* डोसवर दोन-तीन दिवस बघा आणि व्हेटना ‘पेन बदललं’ हे आवर्जून सांगा. मेलेल्या इन्सुलिनवर वाढवलेला डोस ताज्या इन्सुलिनवर जिवावर बेततो.

पेन हलवायचं का?

ग्लार्जिन नाही. ते मुळात विरघळलेलं असतं, हलवायचं कारणच नाही, उगाच फुगे धरतात. दुधासारखी दिसणारी, तळाला साका बसणारी इन्सुलिनं असतात त्यांना मिसळावं लागतं. कुणाला तळहातांत घोळवायचं, कुणाला उलटं-सुलटं करायचं आणि प्राण्यांसाठीच्या एकाला चक्क हलवायचं. ज्याच्या खोक्यात जे लिहिलंय तेच करा, दुसऱ्याचा नियम याला लावू नका.

सुई दर वेळी नवी? एक सुई आठवडाभर चालवतात लोक.

माणसं चालवतात, माहीत आहे. आमच्या घरीच चालवत होते. पण दर वेळी नवी घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोचून झालं की लगेच काढा. सुई लावून पेन फ्रिजमध्ये ठेवलं तर आतलं औषध गार होऊन आक्रसतं आणि सुईच्या भोकातून हवा आत ओढली जाते. बाहेर काढलं की उलट, थेंब थेंब गळतं. मग तुम्ही १ युनिट लावता आणि मांजराच्या वाट्याला थोडं औषध नि थोडी हवा येते. मोठ्या माणसाच्या ३० युनिटांत हे खपून जातं. आपल्या १ युनिटात तो अर्धा डोस असतो.

शिवाय एकदा वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं. मांजराला ते कळतं, आणि पुढच्या वेळी ते पलंगाखाली असतं.

हवा काढायला २ युनिट उडवणं गरजेचंच आहे?

हो, दर वेळी. सुई वर, पेनवर टिचकी, २ वर लावून दाबा, टोकावर थेंब दिसला पाहिजे. दिसला नाही तर परत. तीनदा करूनही नाही आला तर सुई बदला. वाया जातंय म्हणून हे वगळणारेच नंतर ‘पेन कधी चालतं, कधी चालत नाही’ म्हणतात.

माझ्या मांजराला दीड युनिट आहे, पेन तर एकेक युनिटनेच फिरतं.

बहुतेक पेनं एकाच्या पायरीने चालतात. अर्ध्या युनिटची पेनं बनतात, मुळात लहान मुलांसाठी. पण ज्या कंपनीचं पेन त्याच कंपनीचं कार्ट्रिज (औषधाची काचेची नळी) त्यात बसतं. दुसऱ्याचं कोंबून बसवू नका, बसल्यासारखं वाटतं आणि डोस चुकतो. घ्यायच्या आधी मेडिकलवाल्याला कार्ट्रिजचं नाव दाखवून विचारा.

दुसरा रस्ता म्हणजे पेनच्या रबरातून सिरिंजने औषध काढणं. पेनच्या कंपन्या याला नाही म्हणतात, तरी मांजरांच्या बाबतीत बरेच व्हेट हाच मार्ग सांगतात, कारण अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलीची सिरिंज मिळते आणि तिच्यात पाव युनिटपर्यंत डोळ्याने अंदाज घेता येतो. तुमचे व्हेट हो म्हणाले तर हे सांभाळा:

कुपीत घालतो तशी हवा कार्ट्रिजमध्ये घालायची नाही. सिरिंजमध्ये जास्त आलेलं औषध परत आत ढकलायचं नाही, बाहेर उडवायचं. आणि एकदा सिरिंजने काढायला लागलात की ते पेन ‘पेन’ म्हणून परत वापरायचं नाही. आतला दट्ट्या आणि दांडा यांच्यात पोकळी राहते, मग आकडा ३ दाखवतो आणि बाहेर काय येतं ते देवालाच ठाऊक.

आता सुरुवातीची ती यू-४० नि यू-१०० ची गोष्ट. आपल्या देशात माणसांच्या इन्सुलिनच्या ४० ताकदीच्या कुप्या अजून सगळीकडे मिळतात आणि त्यांच्या सिरिंजना लाल टोपी असते. १०० च्या सिरिंजची टोपी नारिंगी. काउंटरवर ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं की बऱ्याचदा लाल टोपीची हातात येते. त्या लाल सिरिंजमध्ये पेनमधलं ग्लार्जिन १ च्या खुणेपर्यंत भरलं तर ते १ नसतं, अडीच युनिट असतं. लहान मांजराच्या जिवावर बेतायला एवढं पुरे आहे. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, नळीवर छापलेला आकडा वाचा.

यू-३०० ताकदीचं ग्लार्जिनही मिळतं, टूजिओ नावाने. त्यातून सिरिंजने काहीही काढायचं नाही. नारिंगी सिरिंजमधलं एक युनिट तिथे तीन होतं.

सलाईनमध्ये पातळ करून अर्धा डोस देता येईल?

ग्लार्जिन पातळ करू नका. ते मुद्दाम आम्ल राखलेलं असतं. कातडीखाली गेल्यावर आम्लपणा मोडतो, बारीक कण बनतात आणि ते सावकाश विरघळत दिवसभर पुरतात. पाणी घालून तुम्ही ते काम बाटलीतच उरकता. दुसऱ्या इन्सुलिनमध्येही मिसळू नका.

टोचलं, पण केस ओले लागले. परत देऊ?

नाही. किती आत गेलं नि किती बाहेर सांडलं, हे कुणीच सांगू शकत नाही. बारा तास थांबा, पुढचा डोस नेहमीचाच द्या. एक डोस हुकल्याने शुगर थोडी चढेल, दुप्पट गेल्याने मांजर जाईल. डोस विसरलात तरी दोन एकदम द्यायचे नाहीत. किती उशीर झालाय ते फोनवर सांगून विचारा.

केस ओले होतात ते दोन कारणांनी. कातडीची चिमूट धरून टोचताना सुई पलीकडून बाहेर निघते, किंवा बटण दाबल्या दाबल्या आपण हात काढतो. बटण पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत आकडे मोजा. मांजर दहापर्यंत थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. जेवणाच्या ताटलीसमोर उभं असताना द्या, सहा-सातपर्यंत तरी थांबतं. दर वेळी मानगुटीवरच नको, कुशीच्या दोन्ही बाजू आलटून पालटून घ्या. टोचल्यावर बोट फिरवून त्या बोटाचा वास घ्या. इन्सुलिनला बँड-एडसारखा औषधी वास असतो, सांडलं असेल तर लगेच कळतं.

घरात सासऱ्यांचंही पेन आहे. एकाच डब्यात ठेवलं तर?

आमच्या बाबांना मिश्र इन्सुलिन आहे, दिवसाला चाळीस-पन्नास युनिट. गोट्याला दोन. दोन्ही पेनं दुरून जुळी दिसायची. मी हुशारी केली आणि गोट्याच्या पेनच्या टोपणावर लाल टिकली चिकटवली. पंधराच दिवसांत एका सकाळी बाबांनी दोन्ही टोपणं काढून ओट्यावर ठेवली आणि परत लावताना अदलाबदल झाली. टिकली बाबांच्या पेनवर! नशीब, टोचायच्या आधी मी ‘हे एवढं गढूळ कसं’ म्हणून थांबले.

टिकली पेनच्या अंगावर लावा, टोपणावर नाही. डबे वेगळे, फळ्याही वेगळ्या. आणि दोघांचं इन्सुलिन एकच असलं तरी पेन एक नको. टोचताना रक्ताचा कण मागे कार्ट्रिजमध्ये येऊ शकतो, सुई बदलली म्हणून तो जात नाही. बाबांच्या संपत आलेल्या पेनमधलं उरलेलं मांजराला देणं, हाही त्यातलाच प्रकार.

पेन खाली पडलं (खरं तर पाडलं गेलं).

मांजरांच्या घरात पेन पडत नाही, टेबलाच्या काठापर्यंत पंजाने सरकवत नेऊन, तुमच्याकडे बघत बघत ढकललं जातं. काचेला चीर गेलीय का, रबरापाशी ओल आलीय का, ते बघा. नवी सुई लावून २ युनिट उडवा, थेंब नीट आला आणि आकडा शून्यावर आला तर चालू ठेवा. चीर असेल तर टाका. एक पेन नेहमी जादा असू द्या, विशेषतः दिवाळीत. मेडिकल बंद असतात तेव्हाच ही कामगिरी होते.

प्रवासात कसं न्यायचं?

रुंद तोंडाचा थर्मास, तळाला बर्फाची पिशवी, वर टॉवेलची घडी, त्यावर पेन. बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही. उभ्या गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. ढाब्यावरच्या अर्ध्या तासात डॅशबोर्डचा तवा होतो. एसटीत वरच्या रॅकवर पत्र्याला लागून नको, मांडीवरच्या पिशवीत ठेवा. विमानात हातातल्या सामानात, चिठ्ठीसकट. खाली टाकलेल्या बॅगेचा भरवसा नाही.

मेडिकलमधून आणतानाही हेच. उन्हाळ्यात मी सकाळीच जाते, आणि दुकानदार पेन फ्रिजमधून काढतोय की काउंटरमागच्या खोक्यातून, ते बघते. घरपोच मागवलं आणि पाकीट हाताला गरम लागलं तर परत करा, भीड धरू नका.

वापरलेल्या सुयांचं काय?

जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, फिनेलची वगैरे. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्या ओल्या-सुक्यात टाकायच्या नाहीत. घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या किंवा व्हेटच्या दवाखान्यात विचारा, आमच्याकडे ते ठेवून घेतात. पिशवीतून बाहेर आलेली सुई सफाईवाल्या ताईंच्या बोटात जाते, आणि ती मांजराची की माणसाची, हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

शुगर फार उतरली तर आधी काय करायचं?

झोकांड्या, अचानक अधाशी भूक किंवा एकदम गळून जाणं, शून्यात नजर, झटके. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर लगेच खायला द्या. नसेल तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. मग दवाखान्यात. बरं वाटलं तरी जा, इन्सुलिन अजून आत काम करत असतं. आणि खाल्लं नसेल, उलट्या होत असतील तर नेहमीचा डोस देण्याआधी फोन करा.

लग्नाला चार दिवस बाहेर जायचंय. शेजाऱ्यांना जमेल?

जमतं, पण आदल्या आठवड्यात चार वेळा त्यांच्याच हातून करून घ्या. आमच्या शेजारच्या काकू रिटायर्ड नर्स आहेत. माणसांना आयुष्यभर टोचलं, गोट्याला टोचताना पहिल्या दिवशी हात थरथरले. फ्रिजच्या दारावर आम्ही जो कागद लावून जातो, तो असा:

पेन मधल्या फळीवर, निळा डबा, अंगावर लाल टिकली. स्टीलच्या डब्यातलं बाबांचं, हात लावू नका. सकाळी ७, संध्याकाळी ७, आधी खाणं, मग सुई. नवी सुई, २ उडवा, मग २ लावा. खाल्लं नाही तर टोचू नका, मला फोन. टोचलं की नाही आठवत नसेल तर टोचू नका, मला फोन. सुई काढून बाटलीत. पेन परत निळ्या डब्यात. मध ओट्यावर डावीकडे, झाकण सैल करून ठेवलंय.